रक्ताचे गट शोधणारे डॉ. कार्ल लँडस्टायनर



आपल्या वयाच्या माणसांकडे औषधांची एक यादी असतेच. सकाळची गोळी, रात्रीची गोळी, आणि त्याच कागदाच्या कोपऱ्यात रक्तगट लिहिलेला असतो. ए, बी, एबी किंवा ओ, आणि पुढे पॉझिटिव्ह नाहीतर निगेटिव्ह. ही अक्षरं कोणी शोधली असं विचारलं तर फार थोडे जण सांगू शकतील. मी मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा केला, पुढे इथे इस्राएलला आले आणि निवृत्त होईपर्यंत वॉर्डात काम केलं. या अक्षरांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणं हे माझं रोजचं काम होतं. म्हणून ज्यांनी ही अक्षरं दिली त्या डॉ. कार्ल लँडस्टायनर यांची हकिगत आज आपल्यापुढे ठेवते. ते ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना विद्यापीठाचे शास्त्रज्ञ. जन्माने यहुदी. पण पुढे त्यांनी हे यहुदीपण झाकून ठेवण्याचा प्रयत्न केला. तेही मी सांगणार आहे, कारण ते वगळलं तर त्यांचं चरित्र अर्धंच राहील.

बालपण आणि शिक्षण

कार्ल यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी झाला. वडील लिओपोल्ड हे कायद्याचे डॉक्टर आणि व्हिएन्नातले नावाजलेले पत्रकार, एका मोठ्या वर्तमानपत्राचे संपादक होते. कार्ल सहा वर्षांचे असताना वडील वारले. आई फॅनी यांनीच त्यांना वाढवलं. मायलेकरांची माया इतकी की आई गेल्यावर तिच्या चेहऱ्याचा साचा त्यांनी करून घेतला आणि स्वतःच्या मरणापर्यंत झोपायच्या खोलीत भिंतीवर ठेवला.

त्या काळचं व्हिएन्ना म्हणजे वैद्यकाची पंढरीच. याच शहरातल्या मोठ्या सरकारी इस्पितळात १८४७ साली डॉ. सेमेलवाइस यांनी बाळंतिणींना तपासण्याआधी डॉक्टरांना हात धुवायला लावले होते. ही गोष्ट आम्हा नर्सेसना पहिल्या वर्षीच शिकवतात. १८६७ च्या राज्यघटनेने यहुद्यांना समान हक्क दिले आणि त्यानंतर विद्यापीठात यहुदी मुलांची गर्दी झाली, मेडिकलला तर फारच. शिकायला दार उघडं होतं, पण वरच्या खुर्चीपर्यंत पोचायला नव्हतं. बाप्तिस्मा न घेतलेल्या यहुद्याला पूर्ण प्रोफेसर होणं फार कठीण. प्रसिद्ध संगीतकार गुस्ताव माहलर यांनासुद्धा व्हिएन्नाच्या ऑपेराची जागा मिळावी म्हणून १८९७ साली कॅथलिक व्हावं लागलं. त्याच वर्षी यहुद्यांविरुद्ध उघड बोलून मतं मिळवणारे कार्ल ल्युगर शहराचे महापौर झाले.

लँडस्टायनर यांनी १८९० साली, डॉक्टरकीची शेवटची परीक्षा देण्याच्या आदल्या वर्षी, रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला. वय बावीसच्या आसपास. १८९१ साली ते डॉक्टर झाले.

दवाखाना काढून पैसे मिळवायचे हा विचार त्यांनी केला नाही. शरीरात जे घडतं ते रसायनशास्त्र कळल्याशिवाय कळणार नाही, असं त्यांचं मत होतं. म्हणून ते झुरिक, वुर्झबर्ग आणि म्युनिक इथल्या प्रयोगशाळांमध्ये रसायनशास्त्र शिकायला गेले. वुर्झबर्गला त्यांचे गुरू होते एमिल फिशर, ज्यांना पुढे नोबेल मिळालं. परत आल्यावर १८९६ साली ते व्हिएन्नाच्या आरोग्यशास्त्र संस्थेत माक्स ग्रूबर यांचे सहाय्यक झाले. तिथे त्यांना सीरमची गोडी लागली. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर जो पिवळसर पाण्यासारखा भाग सुटतो तो.

१८९८ पासून दहा वर्षं त्यांनी विद्यापीठाच्या विकृतिशास्त्र विभागात प्रोफेसर वाइक्सेलबाउम यांच्या हाताखाली काम केलं. नोकरीचं काम शवविच्छेदनाचं. या दहा वर्षांत त्यांनी साडेतीन हजारांहून अधिक शवं तपासली आणि उरलेल्या वेळात स्वतःचं संशोधन केलं. प्रोफेसरांनी त्यांना त्यांच्या मनासारखं काम करू दिलं, हे मोठेपण त्या प्रोफेसरांचं. आपला वरचा माणूस चांगला असला की काय होऊ शकतं हे आपण नोकरी केलेल्या सगळ्यांनाच माहीत आहे.

रक्त देणं म्हणजे जुगार

त्या आधीची परिस्थिती सांगते. रक्त देण्याची कल्पना जुनीच. १६६७ साली फ्रान्समध्ये डेनी नावाच्या डॉक्टरने माणसाला कोकराचं रक्त दिलं होतं. पुढे एक रोगी दगावला आणि या प्रकारावर बंदी आली. मग १८१८ च्या सुमारास लंडनचे डॉ. ब्लंडेल यांनी माणसाचं रक्त माणसाला द्यायला सुरुवात केली. ते बाळंतपणाचे डॉक्टर. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाही आणि आपण नुसते बघत राहतो, हे त्यांना सहन झालं नाही. काही बायका वाचल्या. पण काहींना रक्त आत जाताच थंडी वाजे, कंबर भरून येई, लघवी काळपट होई आणि त्या जात. एकाच डॉक्टरच्या हातून, एकाच पद्धतीने दिलेल्या रक्ताने एक बाई वाचे आणि दुसरी मरे. असं का होतं हे कोणालाच सांगता येत नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी हा मार्ग जवळजवळ सोडूनच दिला.

एका माणसाच्या सीरममध्ये दुसऱ्याच्या लाल पेशी टाकल्या तर कधी कधी त्यांच्या गुठळ्या होतात, हे काही लोकांनी पाहिलं होतं. पण हे आजारामुळे होतं, अशी समजूत होती. लँडस्टायनर यांनी विचार केला की निरोगी माणसांचंच रक्त तपासून पाहू.

१९०१ चा शोध

त्यांनी स्वतःचं आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचं रक्त घेतलं. सगळी धडधाकट माणसं. प्रत्येकाचं सीरम वेगळं केलं, लाल पेशी मिठाच्या पाण्यात धुऊन वेगळ्या केल्या. मग प्रत्येकाचं सीरम प्रत्येकाच्या पेशींबरोबर थेंबाथेंबाने मिसळलं आणि निकाल तक्त्यात लिहिला. जिथे गुठळ्या झाल्या तिथे अधिक, जिथे झाल्या नाहीत तिथे उणे. काही ठिकाणी मिश्रण एकसारखं लाल राहिलं. काही ठिकाणी दूध फाटावं तशा कणी दिसायला लागल्या. स्वतःच्या पेशी स्वतःच्या सीरममध्ये मात्र कोणाच्याच फाटल्या नाहीत.

तो तक्ता समोर ठेवून त्यांनी पाहिलं तर त्यात नियम होता. माणसं तीन गटांत पडत होती. त्यांनी नावं दिली ए, बी आणि सी. या सी गटालाच पुढे ओ हे नाव पडलं. ए गटाच्या माणसाच्या पेशींवर एक खूण असते आणि त्याच्या सीरममध्ये बी च्या खुणेवर तुटून पडणारं द्रव्य असतं. बी गटाच्या माणसात याच्या उलट. ओ गटाच्या पेशींवर दोन्ही खुणा नसतात, पण त्याच्या सीरममध्ये दोन्हींच्या विरोधातलं द्रव्य असतं. हा लेख १९०१ साली व्हिएन्नाच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. थोडक्या पानांचा लेख. रक्त देताना कधी यश आणि कधी मरण का येतं याचा उलगडा यातून होईल, हेही त्यांनी शेवटी लिहून ठेवलं. पुढच्याच वर्षी त्यांच्या ओळखीतल्या डेकास्टेलो आणि स्टुर्ली या डॉक्टरांना चौथा गट सापडला, तो एबी.

यासाठी लागल्या काचेच्या नळ्या, मिठाचं पाणी आणि सहकाऱ्यांनी पुढे केलेले हात. महागडं यंत्र नव्हतं. होती ती चिकाटी आणि व्यवस्थित लिहून ठेवायची सवय.

जगाने लगेच डोक्यावर घेतलं असं मात्र झालं नाही. बरीच वर्षं कोणी फारसं लक्षच दिलं नाही. १९०७ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय या यहुदी लोकांनी उभारलेल्या इस्पितळात डॉ. ऑटेनबर्ग यांनी देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं रक्त आधी तपासून, जुळवून मग दिलं. त्यानंतर सोडियम सायट्रेट घातलं की बाहेर काढलेलं रक्त गोठत नाही हे १९१४ च्या सुमारास कळलं. तेव्हाच पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि जखमी सैनिकांसाठी ही दोन्ही ज्ञानं एकत्र आली. आज आपण ब्लड बँक म्हणतो तिचा पाया इथे आहे.

आमच्या वॉर्डात नियम होता की रक्त लावण्याआधी दोन जणींनी मिळून तपासायचं. रोग्याचं नाव, नंबर, गट, बाटलीवरचा नंबर, तारीख. एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने पडताळायचं. मग पहिली पंधरा मिनिटं रोग्याजवळून हलायचं नाही. थंडी वाजते का, अंगावर पित्त उठतं का, कंबर दुखते का, श्वास लागतो का, हे बघत राहायचं. नवीन मुली कंटाळायच्या, म्हणायच्या की सिस्टर, किती वेळा तेच तेच वाचायचं. मी त्यांना सांगायचे की या दोन अक्षरांपायी शेकडो वर्षं माणसं मेली आहेत, तेव्हा पुन्हा एकदा वाचा.

पोलिओचा विषाणू

लँडस्टायनर म्हटलं की लोकांना रक्तगट आठवतात, पण आपल्या पिढीवर त्यांचा आणखी एक उपकार आहे. १९०८ साली ते व्हिएन्नाच्या विल्हेल्मिना इस्पितळात विकृतिशास्त्राचे प्रमुख झाले. त्याच वर्षी पोलिओने गेलेल्या एका मुलाच्या मज्जारज्जूचा भाग घेऊन त्यांनी आणि अर्विन पॉपर यांनी तो माकडांना टोचला. माकडांना तसाच आजार झाला. सूक्ष्मदर्शकाखाली कुठलाही जंतू दिसत नव्हता. म्हणजे हा आजार जंतूहून बारीक अशा कशाने तरी होतो आणि तो एकापासून दुसऱ्याला लागतो, हे सिद्ध झालं. पुढचं काम त्यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले लेव्हादिती यांच्याबरोबर केलं. पोलिओ हा विषाणूचा आजार आहे हे कळलं नसतं तर साल्क आणि सेबिन यांच्या लशी कुठून आल्या असत्या?

कॅलिपर लावून चालणारी मुलं आपल्या प्रत्येकाच्या गल्लीत, शाळेत एखादं तरी होतंच. इस्राएलमध्येही १९५० च्या आसपास पोलिओची मोठी साथ आली होती, नवीन आलेल्या कुटुंबांच्या छावण्यांमध्ये लोक घाबरून गेले होते. आणि भारत २०१४ साली पोलिओमुक्त जाहीर झाला. आता नातवंडांना पोलिओ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं, यापेक्षा चांगली गोष्ट कुठली?

याशिवाय उपदंशाचे जंतू काळ्या पार्श्वभूमीवर चमकताना बघायची पद्धत, थंडीने लघवीतून रक्तद्रव्य जाण्याच्या आजाराचं कारण, असं कितीतरी काम त्यांनी व्हिएन्नात केलं.

व्हिएन्ना सुटलं

इतकं करूनही त्यांना काय मिळालं? १९११ साली विद्यापीठाने प्रोफेसर ही पदवी दिली, पण त्या जागेचा पगार दिला नाही. कामाचा मान ठेवायचा आणि पाकीट रिकामं, हे आपल्याकडेही चालतं. त्यांच्याच विद्यापीठातले दुसरे यहुदी डॉक्टर रॉबर्ट बारानी यांना कानाच्या संशोधनाबद्दल १९१४ चं नोबेल मिळालं, तरी व्हिएन्नाने त्यांना योग्य जागा दिली नाही. ते स्वीडनला निघून गेले.

लँडस्टायनर यांनी लग्नही उशिरा केलं, १९१६ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. पत्नीचं नाव हेलेन व्लास्टो. १९१७ मध्ये मुलगा झाला, अर्न्स्ट. तेव्हा महायुद्ध चालू होतं. १९१८ साली ऑस्ट्रिया हरला, साम्राज्याचे तुकडे झाले आणि व्हिएन्नात खायला अन्न नाही, शेगडीत घालायला कोळसा नाही अशी अवस्था आली. प्रयोगशाळेत सामान नाही. घरात लहान मूल. पन्नाशी ओलांडलेला हा शास्त्रज्ञ १९१९ साली बायको-मुलाला घेऊन हॉलंडमध्ये द हेगला गेला. तिथे एका लहान कॅथलिक इस्पितळात नोकरी मिळाली. जगाला रक्तगट देणारा माणूस तिथे रोग्यांच्या लघवीच्या आणि रक्ताच्या साध्या तपासण्या स्वतःच्या हाताने करत होता. तक्रार न करता करत होता, आणि त्यातूनही संशोधनाचे लेख लिहीत होता.

आपल्यापैकी ज्यांनी पन्नाशीच्या आसपास देश बदलला, शिक्षण एक आणि हातात काम भलतंच असे दिवस काढले, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेचं बोलावणं आलं. इथे मात्र चांगली प्रयोगशाळा मिळाली. १९२७ साली फिलिप लेव्हाइन यांच्याबरोबर त्यांनी एम, एन आणि पी या रक्तातल्या आणखी खुणा शोधल्या. १९२९ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले आणि १९३० साली रक्तगटांच्या शोधासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. शोधानंतर जवळपास तीस वर्षांनी.

कोर्टाची गोष्ट

आता ती अवघड गोष्ट. १९३७ साली अमेरिकेतल्या नामवंत यहुद्यांची माहिती देणारा एक ग्रंथ निघत होता. त्यात त्यांचं नाव घातलं होतं. एखाद्याला अभिमान वाटला असता. लँडस्टायनर कोर्टात गेले. माझं नाव काढा, माझ्या पूर्वजांचा धर्म असा चारचौघांत सांगितला तर माझं नुकसान होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्या मुलाला आपल्या कुळाची काहीच कल्पना नाही, हेही त्यांनी पुढे केलं. मुलगा तेव्हा वीस वर्षांच्या आतबाहेर. कोर्टाने त्यांचं ऐकलं नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. आपले वाडवडील कोकणात होते. हिब्रू जवळजवळ विसरले होते, पोथी नाही, रब्बी नाही. तरी शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागलं. शमा पाठ, सुंता चालू, मासा खवल्याचाच. कोणी विचारायला नव्हतं तरी धरून ठेवलं. आणि मग १९६० च्या दशकात इथे आलो तर तुम्ही खरे यहुदी का असं विचारलं गेलं, लग्नाच्या वेळी पिढ्यान्‌पिढ्यांचे पुरावे मागितले गेले. ते दिवस ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. आपण ओळख सिद्ध करायला धडपडलो आणि हे गृहस्थ ओळख पुसायला कोर्टात गेले, असं वाटलं.

पण नंतर मी साल पाहिलं. १९३७. दोन वर्षांपूर्वी जर्मनीत न्यूरेंबर्गचे कायदे झाले होते. आजी-आजोबा कोण होते यावरून माणसाचं यहुदीपण ठरत होतं. बाप्तिस्मा झालेला असो की नसो. पुढच्याच वर्षी, मार्च १९३८ मध्ये, हिटलरचं सैन्य व्हिएन्नात शिरलं. त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या वैद्यक शाखेतून निम्म्याहून अधिक शिक्षक काढून टाकले गेले, बहुतेक यहुदी किंवा यहुदी वंशाचे म्हणून. काही देशोधडीला लागले, काही छावण्यांत मेले. लँडस्टायनर तिथेच राहिले असते तर कॅथलिक असल्याचा कागद त्यांच्या उपयोगी पडला नसता. न्यूयॉर्कमध्ये बसून त्यांना ती भीती वाटली असेल, तर ती उगीच नव्हती. त्यांनी केलं ते मला पटत नाही. पण त्यांना नावं ठेवायलाही जीभ रेटत नाही. जे सुरक्षित असतात त्यांना अभिमान बाळगणं सोपं असतं.

आणखी एक सांगायचं आहे. त्याच काळात जर्मनीतले काही लोक रक्तगटांवरून वंश ओळखता येईल म्हणून झटत होते. यांचा गट अमुक, त्यांचा तमुक, असे तक्ते करत होते. ते काही जमलं नाही. जमणारही नव्हतं. ए, बी आणि ओ हे गट यहुद्यांत आहेत, ख्रिश्चनांत आहेत, मुसलमानांत आणि हिंदूंत आहेत. कुठे एखादा थोडा जास्त, कुठे थोडा कमी, एवढंच. मी इतकी वर्षं रक्ताच्या बाटल्या आणि पिशव्या हाताळल्या. त्यावर गट असतो, नंबर असतो, तारीख असते. धर्म लिहायची जागाच नसते. सख्ख्या भावाचं रक्त भावाला चालत नाही आणि परक्या माणसाचं चालतं, हे मी कितीदा पाहिलं आहे.

आर एच फॅक्टर

सत्तरी उलटल्यावर माणूस काय करतो? औषधाच्या वेळा सांभाळतो. लँडस्टायनर १९३९ साली निवृत्त झाले, पण प्रयोगशाळेत जाणं सोडलं नाही. १९४० मध्ये त्यांनी अलेक्झांडर वीनर यांच्याबरोबर आणखी एक मोठा शोध लावला. ऱ्हिसस जातीच्या माकडाचं रक्त सशांना टोचून त्यांनी जे सीरम मिळवलं, ते न्यूयॉर्कच्या साधारण शंभरातल्या पंच्याऐंशी माणसांच्या पेशींच्या गुठळ्या करत होतं. उरलेल्या पंधरांच्या नाही. पंच्याऐंशी ते आर एच पॉझिटिव्ह, पंधरा ते निगेटिव्ह. ऱ्हिसस माकडावरून आर एच. त्याच सुमाराला लेव्हाइन यांनी मेलेलं बाळ जन्मलेल्या एका बाईचं रक्त तपासून याच गोष्टीचा माग काढला होता. श्रेय कोणाचं यावरून लेव्हाइन आणि वीनर यांच्यात पुढे वर्षानुवर्षं वाद चालला. ही दोघंही यहुदी घरातलीच.

या शोधाचं मोल बायकांना विचारा. आई निगेटिव्ह आणि पोटातलं बाळ पॉझिटिव्ह असेल तर पहिलं मूल बहुधा सुखरूप येतं. पण बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं आणि आईचं शरीर त्याच्याशी लढणारं द्रव्य तयार करतं. दुसऱ्या वेळी ते द्रव्य नाळेतून जाऊन बाळाच्या लाल पेशी फोडतं. बाळ पिवळं पडतं, सुजतं, कधी पोटातच जातं. तिसरं तसंच, चौथं तसंच. पहिलं जगलं आणि पुढची जगत नाहीत म्हटल्यावर आपल्याकडे काय म्हणायचे ते माहीत आहे ना? बाहेरचं लागलं, नजर लागली, बाईच अवलक्षणी. किती बायकांनी हे ऐकत आयुष्य काढलं असेल. त्यांचा काही दोष नव्हता. रक्ताची एक खूण जुळत नव्हती, बस्स.

मी शिकत होते तेव्हा अशा बाळांचं रक्त बदलताना मी पाहिलं आहे. बेंबीच्या शिरेतून बारीक नळी घालायची, थोडं रक्त काढायचं, तेवढंच नवीन घालायचं, पुन्हा काढायचं. आम्ही बाजूला उभ्या राहून किती काढलं किती घातलं ते लिहीत असू. तास दीड तास कोणी मोठ्याने श्वास घेत नसे. १९६० च्या दशकाच्या शेवटी अँटी-डी इंजेक्शन आलं. बाळंतपणानंतर बहात्तर तासांच्या आत आईला दिलं की पुढच्या बाळाला धोका राहत नाही. आता ते गरोदरपणातही देतात. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत नवीन नर्सेसना रक्त बदलणं पाहायला फारसं मिळतच नसे.

मुंबईचा रक्तगट

लँडस्टायनर मुंबईला कधी आले नाहीत, पण त्यांच्या कामाचा एक धागा मुंबईत येऊन पोचला. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशी माणसं सापडली की ज्यांचं रक्त तपासलं तर ओ वाटे, पण ओ गटाचं रक्तसुद्धा त्यांना चालत नसे. ए आणि बी च्या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात तो पायाच, म्हणजे एच नावाची खूण, त्यांच्या पेशींवर नव्हती. जगभर त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. शहराचं नाव मुंबई झालं तरी रक्तगटाचं नाव बॉम्बेच राहिलं. भारतात साधारण दहा हजारांत एक असं माणूस सापडतं. त्याला फक्त त्याच गटाचं रक्त चालतं. म्हणून ओ लिहिलं असलं तरी आपलं रक्त घेणाऱ्याशी जुळवूनच देतात, ते यासाठीही.

अखेर

शेवटच्या काळात त्यांच्या पत्नीला थायरॉइडचा कर्करोग झाला होता. या वयातही ते तिच्या आजारासाठी म्हणून गाठींच्या संशोधनात शिरले होते. २४ जून १९४३ रोजी प्रयोगशाळेत काम करत असताना, हातात पिपेट असताना, त्यांना हृदयविकाराचा झटका आला. दोन दिवसांनी, २६ जूनला, त्याच संस्थेच्या इस्पितळात ते गेले. वय पंच्याहत्तर. त्याच वर्षाच्या अखेरीस पत्नीही गेली. त्यांना अमेरिकेतल्या नँटकेट बेटावर पुरलं आहे.

युरोपात तेव्हा दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. दोन्ही बाजूंच्या जखमी सैनिकांना रक्त दिलं जात होतं आणि ते त्यांच्याच गटांप्रमाणे जुळवून दिलं जात होतं. व्हिएन्नाला आपली ठेव आठवायला वेळ लागला. १९९७ साली ऑस्ट्रियाने एक हजार शिलिंगच्या नोटेवर त्यांचं चित्र छापलं. आज १४ जून, त्यांचा जन्मदिवस, जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळतात.

आपण आता रक्त देण्याच्या वयाचे राहिलो नाही. पण दोन कामं करता येतात. आपला गट माहीत नसेल तर पुढच्या तपासणीच्या वेळी विचारून घ्या आणि औषधांच्या यादीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पूर्वी कधी रक्त घेतलं असेल, त्या वेळी त्रास झाला असेल, तर तेही लिहा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. आणि घरातल्या नातवंडांना सांगा की वर्षातून एकदा तरी रक्त द्या. ते कोणाला जाईल हे त्यांना कळणार नाही. कळायची गरजही नाही.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो. शालोम.

तुमची एक निवृत्त नर्स